टाइल्स नव्याकोऱ्या, तरी खालच्या घरात ओल: बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नेमकं कुठे चुकतं?

रविवारची सकाळ. बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण बोलणं जरा अवघडलेलं होतं. "अगं, जरा खाली येऊन बघतेस का? आमच्या बाथरूमचं छत बघ एकदा."

खाली गेले. छतावर ताटाएवढा पिवळट डाग, कडेने पांढरे खारे पापुद्रे, आणि मधोमध एक थेंब. पडू का नको, अशा बेतात लटकलेला. तो डाग बरोबर आमच्या शॉवरच्या खाली होता.

गंमत म्हणजे आमचं बाथरूम दीडच वर्षापूर्वी नवीन केलेलं. चकचकीत टाइल्स, काचेचं पार्टिशन, नवा शॉवर. काम चालू असताना आईने मिस्त्रींना विचारलं होतं, "वॉटरप्रूफिंगचं काय?" उत्तर आलं होतं, "ताई, टाइल्स आहेत ना, पाणी कुठून जाणार? वर पांढरं सिमेंट भरतो, काळजी नको."

हेच उत्तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना महागात पडतं. कारण ते ऐकायला पटतं, पण चूक आहे. का चूक आहे आणि बरोबर काम कसं होतं, हे समजून घेऊ.

टाइल्स पाणी अडवत नाहीत का?

थोडक्यात उत्तर: नाही. टाइल म्हणजे वरचा पृष्ठभाग. तो घासता येतो, स्वच्छ राहतो, दिसायला छान दिसतो. पाणी अडवण्याचं काम टाइलच्या खाली असलेल्या थराचं असतं, म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या थराचं.

आता टाइल स्वतः पाणी पिते का? ते टाइलवर अवलंबून आहे. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, तिचं शोषण वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षाही कमी असतं. भिंतीला लावतात ती साधी सिरॅमिक टाइल मात्र १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. वरचं ग्लेझ पाणी अडवतं, पण कडा आणि मागची बाजू उघडीच असते.

पण खरा प्रश्न टाइलचा नाही, टाइलांमधल्या सांध्यांचा आहे. चार बाय पाच फुटांच्या साध्या बाथरूममध्येही सगळे सांधे एका ओळीत मांडले तर कित्येक मीटरची रेघ होईल. त्यात भरलेलं पांढरं सिमेंट किंवा सिमेंटचं ग्राऊट सच्छिद्र असतं. रोज चार माणसं अंघोळ करतात, रोज थोडं थोडं पाणी आत झिरपतं. त्यात गरम पाणी, थंड पाणी, साबण, अ‍ॅसिडने केलेली साफसफाई. हळूहळू सांध्यांना केसाएवढ्या चिरा पडतात. मग पाणी झिरपत नाही, सरळ आत उतरतं.

म्हणून वॉटरप्रूफिंगचा पहिला नियम असा: टाइलच्या खाली पाणी जाणार हे गृहीत धरायचं, आणि ते तिथून पुढे जाणार नाही याची सोय करायची.

मग ते पाणी साठतं कुठे?

इथे आपल्याकडच्या फ्लॅटची एक खास गोष्ट समजून घ्यावी लागते. मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याचशा जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा साधारण आठ इंच ते फूटभर खाली घेतलेला असतो. त्याला 'संकन स्लॅब' म्हणतात. त्या खोलगट जागेत नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप बसवतात आणि वरून विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल भरतात. हाच तो ब्रिकबॅट कोबा. त्यावर टाइल्स.

म्हणजे बाथरूमच्या फरशीखाली एक खड्डा आहे आणि तो विटांच्या तुकड्यांनी भरलेला आहे. वरून पाणी आत शिरलं की वीट ते पिते. कोबा ओला होतो आणि खड्ड्याची अक्षरशः टाकी होते. मग ते पाणी स्लॅबमधली सगळ्यात कमकुवत जागा शोधत सावकाश खाली येतं.

यामुळेच दोन गोष्टी घडतात आणि त्या घरोघरी गोंधळ घालतात. एक, गळती लगेच दिसत नाही. काम झाल्यावर पाच-सहा महिने सगळं ठीक असतं, मिस्त्री पैसे घेऊन गेलेला असतो आणि मग डाग दिसतो. दोन, वापर बंद केला तरी गळती लगेच थांबत नाही. "आम्ही दोन दिवस गावाला होतो, तरी तुमच्याकडे ओल कशी? म्हणजे आमचं पाणी नाहीच!" हा सोसायटीच्या मीटिंगमधला नेहमीचा युक्तिवाद. पण कोब्यात साठलेलं पाणी उतरायला कित्येक दिवस लागू शकतात.

नव्या इमारतींत खड्डा कमी खोल असतो किंवा नसतोच. पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या घराच्या बाथरूमच्या छताला लटकवलेले असतात आणि फॉल्स सीलिंगने झाकलेले असतात. तिथे पाणी साठत नाही, पण पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातो ती गोल फट हीच मुख्य वाट बनते.

पाणी कुठून येतंय हे कसं ओळखायचं?

तोडफोडीआधी हे ओळखणं गरजेचं आहे. नाहीतर टाइल्स फोडून झाल्यावर कळतं की दोष भलत्याच ठिकाणी होता. साधारणपणे तीन संशयित असतात.

पहिला, भिंतीतला पाण्याचा पाइप. नळ आणि डायव्हर्टरपर्यंत जाणाऱ्या या पाइपात कायम दाब असतो. त्यामुळे बाथरूम वापरा किंवा न वापरा, गळती चालूच राहते. जुन्या इमारतींत लोखंडी जीआय पाइप आतून गंजलेले असतात. ओळखायची साधी युक्ती म्हणजे बाथरूमकडे जाणारा व्हॉल्व्ह काही दिवस बंद ठेवायचा आणि खालच्या डागाची कड पेन्सिलने आखून तो वाढतो की आक्रसतो हे पाहायचं. खात्री करायची असेल तर प्लंबर हातपंपाने पाइपात दाब देऊन काटा पडतो का ते पाहतो.

दुसरा, सांडपाण्याचा मार्ग. म्हणजे नहाणी ट्रॅप, त्याचा जोड, कमोडचा जोड. इथे पाणी वाहतं तेव्हाच गळती होते. बादलीभर पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतलं आणि खाली थेंब वाढले, तर संशय इथे.

तिसरा, फरशी आणि भिंत. ट्रॅपला बूच लावून फरशीवर पाणी साठवून ठेवलं आणि ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. भिंतीवर शॉवर सोडला तेव्हाच ओल आली, तर भिंतीचे सांधे किंवा कोपरे.

आमच्याकडे तिसरा निघाला. जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवल्या होत्या. खालचा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा थर तसाच. म्हणजे फाटक्या छत्रीवर नवं कापड शिवलं होतं, तेही भोकं असलेलं.

न फोडता काम होत नाही का?

कधीकधी होतं. गळती फक्त सांध्यांतूनच असेल आणि खालचा कोबा अजून फुगलेला नसेल, तर जुनं ग्राऊट खरवडून एपॉक्सी ग्राऊट भरणं आणि कोपऱ्यांत सिलिकॉन सीलंट मारणं, एवढ्यावर भागू शकतं. खर्च कमी, तोडफोड नाही. आधी हे करून पाहायला हरकत नाही.

पण टाइलवर नाण्याने ठोकून पाहा. जागोजागी पोकळ आवाज येत असेल, फरशी दबल्यासारखी वाटत असेल, किंवा खाली थेंब पडायला लागले असतील, तर वरवरची मलमपट्टी चालत नाही. खालून इंजेक्शन ग्राऊटिंग करतात, त्याने स्लॅबमधली चीर बुजते. पण वरचं पाणी बंद झालं नाही तर ते दुसरी चीर शोधतं.

काम बरोबर क्रमाने कसं होतं?

वॉटरप्रूफिंगचा दर्जा डब्यावरच्या नावापेक्षा कामाच्या क्रमावर जास्त अवलंबून असतो. तो क्रम असा.

१. परवानगी आणि तोडफोड. आधी सोसायटीला अर्ज. कामाच्या वेळा, डेब्रिज कुठे टाकायचं, लिफ्ट वापरायची की नाही, हे लेखी ठरवून घेतलेलं बरं. मग टाइल्स, त्याखालचा माल आणि ओला झालेला कोबा काढायचा. मूळ स्लॅबपर्यंत गेलं तर उत्तम. स्लॅबजवळ पोहोचल्यावर मोठा ब्रेकर बाजूला ठेवून छिन्नी-हातोडा घ्यायचा. स्लॅब, बीम आणि कॉलमला धक्का लागता कामा नये.

२. प्लंबिंग पूर्ण, मगच पुढचं. घरोघरी होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच असते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर प्लंबर येतो आणि म्हणतो, "नळ दोन इंच वर घ्यावा लागेल." भिंतीला पुन्हा छिन्नी लागते आणि नुकताच मारलेला थर फाटतो. वरून सिमेंटचं बोळं लावून ते बुजवलं जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून शॉवर, डायव्हर्टर, गीझर, जेट स्प्रे या सगळ्यांच्या जागा आधीच ठरवायच्या. पाइप बसले की दाब देऊन तपासायचे आणि काटा काही तास हलला नाही याची खात्री झाल्यावरच भिंत बंद करायची. बंद करण्याआधी टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलच्या हँगरसाठी भोक पाडताना हाच फोटो पाइप वाचवतो.

३. ट्रॅप आणि पाइपांभोवतीच्या फटी. पीव्हीसी पाइप आणि काँक्रीट एकमेकांना नीट चिकटत नाहीत. साधं सिमेंट वाळताना आक्रसतं आणि पाइपाभोवती गोल फट राहते. म्हणून इथे न आक्रसणारं नॉन-श्रिंक ग्राऊट भरतात. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाण्याचा साठा राहील असा ट्रॅप घ्यायचा, म्हणजे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

४. कोपऱ्यांना वाटा. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तो काटकोन म्हणजे दुखरी जागा. इमारत किंचित हलते, उन्हाने फुगते, थंडीने आक्रसते, आणि चीर बरोबर तिथे पडते. म्हणून त्या कोनात सिमेंटच्या मालाने गोलाई देतात. गवंडी त्याला वाटा म्हणतात. गोलाईवर कोटिंग सलग बसतं, काटकोनात ते तुटतं. त्यावर फायबरच्या जाळीची पट्टी कोटिंगमध्ये दाबून बसवायची.

५. कोटिंग. घरगुती कामात सर्वाधिक वापरलं जातं ते दोन भागांचं पॉलिमर कोटिंग. एक पिशवी पावडर, एक कॅन द्रव. दोन्ही सांगितलेल्या प्रमाणातच मिसळायचं. "जरा पातळ करू" म्हणून वरून पाणी घातलं की थर कमकुवत होतो. किमान दोन हात मारायचे. पहिला आडवा, दुसरा उभा, म्हणजे पहिल्यात राहिलेली जागा दुसऱ्यात झाकली जाते. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं हे डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळायचं. शेवटचा हात ओला असताना त्यावर बारीक वाळू भुरभुरवतात, म्हणजे पुढच्या मालाची पकड चांगली येते.

किती उंचीपर्यंत? फरशी पूर्ण, आणि सगळ्या भिंतींवर किमान फूटभर. शॉवरच्या भिंतींवर मात्र शॉवरच्याही वरपर्यंत, म्हणजे सहा-सात फूट. भिंतीच्या पलीकडे बेडरूम असेल आणि तिथला रंग फुगत असेल, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं: कोटिंग गुडघ्यापर्यंत आणि पाणी डोक्यापासून.

संकन स्लॅब असेल तर हे कोटिंग दोनदा लागतं. एकदा खाली मूळ स्लॅबवर, आणि एकदा कोबा भरून झाल्यावर त्याच्या वर, टाइल्सच्या लगेच खाली. खर्च वाचवण्यासाठी यातला एक थर गाळला जातो. वरचा गाळला तर कोबा पाणी पितो, खालचा गाळला तर कोब्यातल्या पाण्याला अडवणारं कुणी उरत नाही.

आणि हो, सिमेंटच्या मालात मिसळायचं ते 'वॉटरप्रूफिंगचं औषध' म्हणजे कोटिंग नव्हे. त्याने माल कमी सच्छिद्र होतो, एवढंच. चीर पडली की त्याचा उपयोग संपतो.

६. पाणी साठवून परीक्षा. ट्रॅपला बूच, दाराशी मालाचा छोटा बांध, आणि आत दोन इंच पाणी. कोटिंग पूर्ण सुकल्यावर ही चाचणी घ्यायची. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि ४८ ते ७२ तास तसंच ठेवायचं. हवेमुळे पातळी किंचित उतरते, पण एकदम उतरली किंवा खालच्या छतावर ओल दिसली तर थांबायचं, जागा शोधायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा पाणी भरायचं.

ही चाचणी टाळण्याकडे बहुतेकांचा कल असतो, कारण तीन दिवस काम बंद आणि मजूर दुसऱ्या साइटवर जाण्याची भीती. पण टाइल्स लागण्याआधी चूक पकडायची ही शेवटची संधी आहे. कोबा भरण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा घेतली तर सोन्याहून पिवळं.

शॉवर एन्क्लोजरसाठी वेगळं काय?

काचेचं पार्टिशन आता छोट्या फ्लॅटमध्येही दिसतं. बाकी बाथरूम कोरडं राहतं ही चांगली गोष्ट, पण सगळं पाणी एका तीन-साडेतीन फुटांच्या चौकोनात पडतं. म्हणून तिथलं काम जास्त काटेकोर हवं.

पहिला मुद्दा उतार. दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे चार फुटांत साधारण अर्धा इंच. हा उतार टाइल लावताना मालाने द्यायचा नसतो. कोटिंगच्या खालीच तो तयार असला पाहिजे. नाहीतर टाइलवरचं पाणी ट्रॅपकडे जातं आणि टाइलखालचं पाणी जागेवर बसून राहतं. काही महिन्यांनी फरशीला कुबट वास येतो तो याचाच.

दुसरा मुद्दा पातळी. शॉवरची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवायची किंवा मध्ये ग्रॅनाइटच्या पट्टीचा छोटा उंबरा घ्यायचा. कोटिंग त्या उंबऱ्याच्या खालून सलग गेलं पाहिजे, त्याच्या कडेला येऊन थांबता कामा नये.

तिसरा मुद्दा, जो सगळ्यात शेवटी बिघडतो. काम संपतं, काचवाला येतो आणि चॅनल बसवायला फरशीत ड्रिलने भोकं पाडतो. स्क्रू आणि प्लास्टिकचा गट्टू थेट वॉटरप्रूफिंगच्या आरपार. हजारोंचं काम दोन मिनिटांत पंक्चर. म्हणून काचवाल्याला आधीच सांगायचं की फरशीला भोक नाही. आधार भिंतीतून घ्यायचा आणि खालची पट्टी सिलिकॉनने चिकटवायची. भिंतीतली भोकंही आधी सिलिकॉन भरून मग स्क्रू घट्ट करायचे.

टाइल निवडताना आणि लावताना

दुकानात गेल्यावर आपण रंग आणि डिझाइन बघतो. मोरबीहून येणाऱ्या नवनव्या डिझाइन्स बघून गोंधळायलाही होतं. पण शॉवरच्या फरशीसाठी आधी पायाची पकड बघायची. ग्लॉसी टाइल फक्त भिंतीला. फरशीला मॅट किंवा अँटी-स्किड. घरात आजी-आजोबा असतील तर या मुद्द्यावर तडजोड नकोच.

आकारही महत्त्वाचा. फरशीला एक बाय एक फूट किंवा त्याहून लहान टाइल उताराला सहज बसते. दोन बाय दोनची टाइल चारही बाजूंनी उतार देताना पाकिटासारखी तिरकी कापावी लागते. ते न करता सपाट बसवली, तर पाण्याची तळी साचतात आणि रोज वायपर मारत बसावं लागतं.

आता चिकटवायचं कशाने? जुनी पद्धत म्हणजे सिमेंट-वाळूचा माल आणि सिमेंटचा घोळ. पाणी पिणारी सिरॅमिक टाइल त्याला धरते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटला तिच्यात शिरून पकड घेता येत नाही आणि काही वर्षांत ती सुटते. तिच्यासाठी टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं. भारतीय मानक आयएस १५४७७ मध्ये अ‍ॅडहेसिव्हचे टाइप १ ते टाइप ५ असे प्रकार दिलेले आहेत. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी. मोठ्या आणि व्हिट्रिफाइड टाइलसाठी वरचे प्रकार. पिशवीवर हा प्रकार छापलेला असतो, तो वाचून घ्या.

अ‍ॅडहेसिव्ह लावायची पद्धतही बघा. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबली, तर मध्ये पोकळी राहते. त्या पोकळीत पाणी साठतं आणि वर काही जड पडलं की टाइल फुटते. दातेरी थापीने पूर्ण पृष्ठभागावर रेघा ओढून लावायला हवं. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा.

आणि 'पेपर जॉइंट'चा मोह टाळायचा. दोन टाइल्स एकमेकांना चिकटून, मध्ये कागदाएवढीच फट. दिसायला सलग दिसतं, पण टाइल फुगायला जागा नसते आणि एवढ्या फटीत ग्राऊट आत उतरतच नाही. स्पेसर लावून किमान २ ते ३ मिलिमीटर सांधा ठेवायचा.

शॉवरमध्ये त्या सांध्यात एपॉक्सी ग्राऊट भरणं उत्तम. ते महाग आहे, पटकन घट्ट होतं, त्यामुळे कारागीर सराईत हवा आणि टाइलवरचा लेप लगेच पुसायला हवा. पण ते पाणी पीत नाही आणि काळंही पडत नाही. कोपऱ्यांत, म्हणजे भिंत-भिंत आणि भिंत-फरशी यांच्या सांध्यात मात्र ग्राऊट नको, सिलिकॉन सीलंट हवं. तिथे हालचाल असते. ग्राऊट तडकतं, सिलिकॉन ताणलं जातं. काही वर्षांनी ते सुटायला लागलं की काढून नवं भरायचं, एवढीच देखभाल.

पैसे कुणी द्यायचे?

हा प्रश्न आला की शेजारधर्माची परीक्षा होते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याची विभागणी ढोबळमानाने केलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइप किंवा ड्रेनेज लाइनची गळती, याचा खर्च सोसायटीचा. संडास, बाथरूम, सिंक यांची घरातली गळती, तो खर्च संबंधित सभासदांचा. म्हणजे वरच्याच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीवर ढकलता येत नाही.

फ्लॅट नवीन असेल तर आणखी एक वाट आहे. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण ताबा मिळाल्यावर तुम्ही स्वतःच बाथरूम फोडून नवीन केलं असेल, तर बिल्डर त्यावर बोट ठेवणार हे नक्की. म्हणून नव्या घरात हौसेने तोडफोड करण्याआधी दोनदा विचार करा.

कंत्राटदाराचे हप्तेही 'काम सुरू, काम अर्धं, काम पूर्ण' असे न ठरवता चाचण्यांना बांधा. पाइपांची दाब चाचणी झाली की एक हप्ता, पाण्याची चाचणी पास झाली की दुसरा, आणि थोडी रक्कम काही महिन्यांनी. हे आधीच कागदावर असेल तर नंतर वाद होत नाहीत.

दुर्लक्ष केलं तर?

खालच्या घरातला डाग रंग मारून झाकता येतो. पण पाणी स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचलं की त्या गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सळई आतून फुगते आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटून पडतं. बाथरूमच्या छताचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडलेल्या आपण जुन्या इमारतींत बघतो, त्यांची सुरुवात बऱ्याचदा अशाच एका ताटाएवढ्या डागाने झालेली असते. आणि तो स्लॅब दोघांचा असतो. खालच्यांचं छत म्हणजे आपल्याच पायाखालची जमीन.

आमच्याकडे शेवटी सगळं फोडावं लागलं. नव्या मिस्त्रींनी कोब्यातला एक विटेचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. बाथरूम दहा दिवस बंद होतं, तरी तो ओला आणि थंडगार होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काकूंच्या छतावर आम्ही नकळत किती पाणी साठवून ठेवलं होतं.

या वेळी पाणी भरून तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी सकाळी आईने काकूंना फोन केला. "वहिनी, बघता का जरा?" दोन मिनिटांनी काकूच वर आल्या. छत कोरडं होतं. त्यांनी आमच्या बाथरूमच्या दारात उभं राहून भिंतीवरची पेन्सिलची खूण आणि तिला टेकलेलं पाणी बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाल्या, "आता लावा टाइल्स."